अडतीस मापं

चर्चच्या मंडळीत तिला सगळे बाई म्हणत, शिवणवर्गातल्या मुली मॅडम म्हणत, आणि धाकटी बहीण ताई म्हणे. टेपमावशी हे नाव तिला साठी उलटल्यावर मिळालं, तेही एकाच दुपारी, बंद पडलेल्या कागद गिरणीच्या भिंतीमागे.

त्याचं असं झालं. दरवर्षी नाताळच्या आधीच्या शनिवारी चर्चची गाडी भरून भेटवस्तू निघायच्या आणि एखाद्या गरीब वस्तीत वाटल्या जायच्या. घरोघरचे जुने-नवे कपडे बोचक्यात बांधायचे, वर खाऊचे पुडे ठेवायचे, मुलांना रांगेत उभं करायचं, हाताला येईल ते प्रत्येकाला द्यायचं, दोन गाणी म्हणायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं. बाई दरवर्षी जायची. नवरा होता तेव्हा दोघं जायची, तो गेल्यावर एकटी. गेल्या वर्षी एका पोराला मोठ्या माणसाची विजार मिळाली. त्याने ती तिथल्या तिथे चढवली आणि कमरेशी मुठीत धरून उभा राहिला. फोटो काढणाऱ्याने सांगितलं, "दोन्ही हात जोड बाळा." पोराने हात जोडले आणि विजार घोट्याशी आली. सगळे हसले. बाईही हसली. घरी आल्यावर मात्र ते हसू तिच्या घशात हाडकासारखं अडकून बसलं.

म्हणून यंदा ऑक्टोबरात कमिटी बसली तेव्हा, तीस वर्षांत कधी तोंड न उघडलेली बाई उभी राहिली आणि म्हणाली, "कपडे मी शिवते. मापं घेऊन."

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे चष्मेवाले भाऊ. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "बाई, ती माणसं काय लग्नाला निघालीत? अंग झाकल्याशी मतलब."

"भाऊ, तुम्ही गिऱ्हाइकाचे डोळे न तपासता चष्मा देता का?"

सगळी खोली हसली. चर्चचे पाळकसाहेबही हसले. तरुण माणूस होता, दोन वर्षांपूर्वीच या मंडळीत आलेला, कुणाला दुखवायचं जिवावर येणारा. ते म्हणाले, "घ्या बाई मापं. प्रभू तुमच्या हातांना बळ देवो." आणि ठरलं.

कागद गिरणीमागची वस्ती म्हणजे गिरणीच्याच भिंतीला टेकवलेली पंचवीस-तीस खोपटं. पत्रे, पुठ्ठे, जाहिरातींची जुनी कापडं, जे सापडेल त्याचा आडोसा. गिरणी बंद पडून वर्षं लोटली, पण माणसं कागदावरच जगत होती: शहरभरची रद्दी वेचायची, पांढरी एकीकडे, छापील एकीकडे, पुठ्ठा वेगळा, आणि विकायची. बाई वही, पेन्सिल आणि गळ्यात टेप घालून तिथे गेली तेव्हा आधी कुणी जवळ येईना. डॉक्टरीण सुई टोचायला आली असं वाटून दोन पोरं रडायलाच लागली. मग एक भारा आला.

भाराच आला म्हणायचं, कारण पुठ्ठ्यांचा तो एवढा ढीग चालत येताना त्याच्याखाली कुणी आहे हे दिसतच नव्हतं. भारा धपकन खाली पडला आणि खालून सहा-सात वर्षांची, काटकुळी पोर निघाली. सगळे तिला मुंगी म्हणत. तिने टेपला बोट लावलं आणि विचारलं, "हे कशाला?"

"तुझं माप घ्यायला. तुला फ्रॉक शिवणार आहे मी."

"माझ्या मापाचा? मग दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही?"

"दुसऱ्याला कसा होईल? तुझं माप ते तुझं."

मुंगी ताठ उभी राहिली. छाती वीस, फ्रॉकची उंची चोवीस. खांद्याची हाडं टेपखाली बटणांसारखी लागत होती. पलीकडे तिची आई रद्दी निवडत बसली होती, मांडीत तीन महिन्यांचं बाळ. ती मान वर न करता म्हणाली, "तिला खिसा लावा बाई. सारखी म्हणत असते, मला खिसा नाही, खिसा नाही. खिशात ठेवायला आहे काय, देव जाणे."

"दोन लावते," बाई म्हणाली. "बटणाचे. बाळालाही टोपी आणते."

मग काय, रांगच लागली. अडतीस मुलं. बाईने एकेकाचं टोपणनाव लिहिलं, पुढे मापं लिहिली, आणि संध्याकाळपर्यंत ती टेपमावशी झाली. निघताना मुंगी तिच्या मागे मागे रस्त्यापर्यंत आली.

"कधी येणार?"

"नाताळच्या आधीच्या शनिवारी. अजून दहा शनिवार."

मुंगीने दोन्ही हातांची बोटं पसरून बघितली. "आणि आम्ही इथं नसलो तर?"

"नसायला काय झालं? जग इकडचं तिकडे होऊ दे, मी येणार म्हणजे येणार. तू फक्त इथंच राहा. कुठे जाऊ नकोस."

बोलण्याच्या ओघात माणूस बोलतो तसं ती बोलली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पुढचे दोन महिने घरात मशीन थांबलं नाही. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात दोन म्हाताऱ्या: बाई आणि तिची धाकटी बहीण. धाकटीने लग्न केलं नव्हतं. शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती आणि सगळ्या जगाला अजून वर्गातच बसवत होती. ती वहीतून मापं वाचायची आणि बाई खडूने कापडावर आखायची.

"काळू. छाती बावीस. लंबू. उंची एकवीस, आणि नाव लंबू! या वस्तीत भूमितीचा पायाच कच्चा दिसतोय."

"पुढे वाच गं."

"ताई, शिवणीत एवढी माया कशाला धरतेस? दोन-दोन बोटं?"

"मुलं वाढतात. पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येईल."

"तुझी माया पहिल्यापासून जास्तच," धाकटी म्हणाली. पण काजं करायला तीच बसली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मिटलेले, आणि प्रत्येक काज वहीतल्या चौकोनासारखं नेटकं. बाईचा गुडघा पायडल मारून मारून सुजला. शेकायचा आणि पुन्हा बसायचं. सगळ्यात आधी मुंगीचा फ्रॉक झाला, ऑक्टोबर संपायच्या आतच. निळा, दोन खिसे, पांढरी बटणं. तो घडी घालून कपाटात ठेवला. मग बाकीचे. नवरा गेल्यापासून इतकी गाढ झोप बाईला कधी लागली नव्हती. सकाळी उठायला काहीतरी कारण होतं.

शनिवारी गाडी निघाली. अडतीस पुडकी, प्रत्येकावर वहीतल्या नावाची चिठ्ठी. मागच्या बाकांवर गाणाऱ्या मुली, पुढे लाल डगला आणि कापसाची दाढी लावलेले चष्मेवाले भाऊ, खिडकीला बांधायचा फलक गुंडाळून मांडीवर घेतलेले. मुली नाताळची गाणी म्हणत होत्या, भाऊ चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत होते. गाडी गिरणीच्या वळणावर आली आणि मागून गाणं एकेका आवाजाने कमी होत गेलं.

भिंत होती. भिंतीला टेकून काही नव्हतं. यंत्राने सारखी केलेली जमीन, तिच्यावर चाकांचे रुंद पट्टे, आणि कडेला मातीत अर्धा गाडला गेलेला एक पत्रा. कागदाचे कपटे मात्र सगळीकडे होते.

गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी शेकोटीपाशी बसला होता. लाल डगल्यातल्या माणसाकडे बघून तो आधी उठलाच नाही, मग उठला.

"पाडलं ना सगळं. दहा दिवस झाले. नोटीस होती आधीपासून, ही बघा, अजून चिकटलेली आहे."

"माणसं कुठे गेली?" बाईने विचारलं.

"वीटभट्टीचा ठेकेदार येऊन घेऊन गेला. पाडायच्या दोन दिवस आधी. काम देतो, राहायला खोली देतो म्हणाला. ट्रक भरून गेली सगळी. लांब आहे भट्टी, दोन दिवसांचा रस्ता." त्याने हात शेकले. "एक घर तेवढं राहिलं. ती मुंगी म्हणतात ना, तिचं. ते आता पुलाखाली आहेत."

"का राहिलं?"

"ते त्यांनाच विचारा," पहारेकरी म्हणाला आणि त्याने नजर शेकोटीकडे वळवली.

गाडीपाशी भाऊंनी दाढी हनुवटीखाली ओढली होती आणि ते पाळकसाहेबांशी हळू आवाजात बोलत होते. "डेपोमागे वस्ती आहे. अर्ध्या तासाचा रस्ता. मुलं तिथेही आहेतच की. एवढा माल परत न्यायचा?"

"पण हे कपडे त्यांचे आहेत," बाई म्हणाली. "मापाचे आहेत. चिठ्ठ्या आहेत त्यांवर."

"बाई, प्रभूच्या दारात काळू काय, गोरू काय," भाऊ म्हणाले. "मूल ते मूल."

पाळकसाहेबांनी बाईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही पुलापाशी जाऊन या. आम्ही वाटप उरकून दोन तासांत तुम्हाला घ्यायला येतो." ते तिच्याकडे बघत नव्हते. त्या वेळी बाईला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय म्हणून बघत नसतील.

तिने मुंगीचं पुडकं आणि लोकरीची टोपी घेतली, आणि ती चालत निघाली.

पुलाखाली वाऱ्याला अडवणारं काहीच नव्हतं. नदी आटून गटार झालेलं, आणि त्याच्या काठी, तिसऱ्या खांबाच्या आडोशाला, एक ताडपत्री. मुंगीची आई त्या ताडपत्रीसमोर बसली होती. हात मांडीत. निवडायला पुढ्यात काही नव्हतं. तिने बाईला लांबूनच ओळखलं, पण उठली नाही.

मोकळ्या हाताने आले नाही एवढं तरी दाखवावं म्हणून बाईने टोपी पुढे केली. "बाळाला आणली. कानावर येईल अशी विणलीये, थंडी आहे ना."

आईने टोपी हातात घेतली. आत मूठ घालून तिने ती फिरवून बघितली, जसं बाजारात बघतात. मग मांडीवर ठेवली.

"तो गेला बाई. बुधवारी."

वरून एक अवजड गाडी गेली आणि पूल थरथरला. बाई खाली बसली. दगडावर बसली की चिखलात, तिला कळलं नाही.

आई सांगत होती. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तशी. ठेकेदाराचा ट्रक सकाळी आला. चढायचं तर आत्ता चढा, परत येणार नाही. सगळ्यांनी भांडीकुंडी बांधली. यांचीही बांधून झाली. आणि मुंगीचा पत्ता नाही.

"हाका मारून मारून घसा बसला. तिच्या बापाने अख्खी गिरणी पालथी घातली. ट्रकवाल्याने थोडं थांबून बघितलं, मग तोही काय करणार, त्याची माणसं खोळंबलेली. गेला. दुपारी ही सापडली. बॉयलरच्या खोलीत, राखेच्या खड्ड्यात. म्हणाली, मी नाही येणार, अजून शनिवार आला नाही. टेपमावशी म्हणाली, इथंच राहा."

बाईने तोंडावर पदर घेतला.

"दोन दिवसांनी मशीन आलं. मग आम्ही इकडे. धुकं पडायला लागलं, त्याची छाती भरली. दवाखान्यात रांगेत उभी होते सकाळपासून. डॉक्टर म्हणाला, उशीर केलात." तिने बाईकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बाईने तो पायांवर डोकं ठेवून घेतला असता. राग नव्हता. "तुम्ही आलात पण. शब्द पाळलात. आम्हाला वाटलं नव्हतं."

तेवढ्यात मुंगी आली. हातात पाण्याचा डबा, तिच्या गुडघ्यांवर आपटत होता. बाईला बघून ती जागीच थांबली. डबा खाली ठेवला आणि खांबाच्या मागे गेली.

"ये इकडे," आई म्हणाली. "मावशी आल्यात. तुझा फ्रॉक आणलाय."

"नको मला."

"घाल म्हणते ना!" पहिल्यांदाच आईचा आवाज फाटला. "एवढं करून आलाय तो. घाल!"

मुंगी पुढे आली. तिने हात वर केले आणि आईने मळक्या सदऱ्यावरूनच फ्रॉक घातला. बाई मनातल्या मनात म्हणत होती, देवा, बसू नये. खांद्यात उतरावा, छातीत सैल व्हावा, कुठेतरी चुकलेला असावा. फ्रॉक चपखल बसला. खांद्याची शिवण खांद्यावर, घेर गुडघ्यावर. मुंगी हात अंगापासून लांब धरून उभी राहिली, ओल्या रंगाला लागू नये म्हणून धरतात तसे. खिशांकडे तिने पाहिलंही नाही.

मग तिने बाईला विचारलं, "आता जाऊ आम्ही?"

बाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने त्या पोरीला पोटाशी धरायला हात पुढे केले. मुंगी मागे सरली नाही, पण जवळही आली नाही. खांबाला धरावं तसं बाईने तिला धरलं आणि ती खांबासारखीच उभी राहिली.

"माझ्या घरी चला," बाई आईला म्हणत होती. "दोन खोल्या आहेत. मी आणि माझी बहीण. थंडी संपेपर्यंत राहा, तुम्हाला हवं तेवढं राहा. आत्ता चला."

"यांना येऊ द्या. भट्टीचा पत्ता काढायला गेलेत. ते सांगतील तसं."

दोन तासांचे तीन तास झाले. गाडी पुलावर येऊन थांबली तेव्हा बाई धापा टाकत वर चढली. गाडी रिकामी होती. पायाखाली चिठ्ठ्यांचा पाचोळा झाला होता: काळू, लंबू, नकटी, छोटा पैलवान. भाऊ खुशीत होते. "सगळे कपडे गेले, बाई! माप जुळवून जुळवून दिले. एक-दोघांना बाही कोपरापर्यंत आली, पण पोरं खूश."

बाईने चिठ्ठ्यांवर पाय पडणार नाही असं उभं राहून सगळं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. भाऊंनी डगल्याची बटणं काढली आणि पुन्हा लावली. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "चर्चमागच्या वर्गात ठेवू त्यांना. आज रात्रीच. कमिटीचं मी बघतो." आणि एक घोंगडी उचलून ते बाईबरोबर खाली उतरले.

मुंगीचा बाप आला होता. ठेंगणा माणूस, खांदे भाऱ्यांनी एका बाजूला झुकलेले. ताडपत्री सोडून घडी घालत होता. पाळकसाहेब बोलले ते सगळं त्याने ऐकून घेतलं.

"मोठ्या रस्त्याने गेलं की भट्टीच्या गाड्या भेटतात म्हणे. कुणीतरी बसवून घेईल. आज निघतो."

"आज नका निघू," बाई म्हणाली. "अंधार पडेल. पोरगी लहान आहे. दोन दिवस थांबा, मी स्वतः चौकशी करून..."

"बाई." त्याने हातातली दोरी खाली ठेवली. "तुम्ही वाईट नाही. मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण आता कुणी थांबा म्हटलं की थांबायचं नाही, एवढं ठरवलंय."

घोंगडी मात्र त्याने घेतली. फ्रॉकही मुंगीच्या अंगावर राहिला, कारण काढायला कुणाला वेळ नव्हता. ती तिघं काठाकाठाने वर चढली. बाप पुढे, आई मध्ये, आणि शेवटी मुंगी, डोक्यावर गुंडाळलेली ताडपत्री. वळणापर्यंत बाई बघत राहिली. कुणी मागे बघितलं नाही.

नाताळच्या उपासनेत भाऊंनी अहवाल वाचला. अडतीस मुलांना अंगच्या मापाचे कपडे. मंडळीने टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी उभं राहावं असा आग्रह झाला. ती उठेना, तेव्हा शेजारची म्हणाली, "विनय बघा किती." धाकटीने त्या शेजारणीकडे असं बघितलं की ती पुढचं गाणं पुस्तकात डोकं खुपसून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मशीनवर चादर टाकलेली होती.

"बाई, मला झोप येत नाही," ते म्हणाले.

"मलाही येत नाही."

"तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दोष माझा आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "आपल्या मंडळीतला एकजण पालिकेत आहे. त्याने डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, ती वस्ती उठणार म्हणून. मी कमिटीत बोललो. भाऊ म्हणाले, अशा नोटिसा दरवर्षी लागतात, सणाच्या आधी कोण पाडतंय. आणि बाईंना सांगू नका, त्या हातपाय गाळून बसतील, कपडे राहतील. डेपोमागची वस्ती तेव्हाच बघून ठेवली होती आम्ही. मला वाटलं... मला वाटलं, नाताळपर्यंत काही होणार नाही."

बाईने मशीनवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तिचा फ्रॉक तेव्हा तयार होता, साहेब."

"काय?"

"ऑक्टोबरातच झाला होता. त्या कपाटात होता. तुम्ही सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी नेऊन दिला असता. अर्ध्या दिवसाचं काम."

पाळकसाहेब रडायला लागले. लहान वयाचा माणूस, तिला मुलगा असता तर एवढाच असता. एरवी तिने पाठीवरून हात फिरवला असता. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या का?"

"तुम्ही करा," बाई म्हणाली. "मी ऐकते."

पाळकसाहेबांनी हात जोडले आणि पुन्हा सोडले. थोड्या वेळाने ते उठून गेले. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "सगळ्यांनी मिळून केलं, ताई. तू एकटीने नाही." बाई म्हणाली, "राहा म्हणाले ती मी एकटीच होते."

नवं वर्ष लागल्यावर ती भट्टीवाल्या ठेकेदाराचा पत्ता शोधत तीन ठिकाणी फिरली. पहारेकऱ्याला माहीत नव्हता. रद्दीवाल्याला नाव ठाऊक होतं, गाव नव्हतं. ट्रक अड्ड्यावर एकजण म्हणाला, भट्ट्या शंभर आहेत, कुठल्या म्हणून सांगू. मग एका दुपारी ती धाकटीला म्हणाली, "निदान त्या बाळाला तरी भेटून येऊ."

पालिकेची दफनभूमी शहराच्या टोकाला, रुळांच्या पलीकडे होती. तिथल्या राखणदाराने रजिस्टर उघडलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"नाव?"

"नाव ठेवलं नसावं. चार-पाच महिन्यांचा होता."

"बापाचं नाव सांगा."

बाईने धाकटीकडे बघितलं, जणू ते वहीत असेल आणि धाकटीने वाचलं असेल. वहीत अडतीस मुलांच्या छात्या होत्या, उंच्या होत्या, कुणाला बटण हवं, कुणाला नाडी, तेही होतं. त्या माणसाला नाव असेल आणि त्याच्या बायकोलाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पुलाखाली राहत होते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारी आणला असेल."

"पुलाखालचे पुष्कळ येतात." राखणदार वाईट माणूस नव्हता. तो किल्ल्या घेऊन उठला आणि त्यांना मागच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला. "लहान सगळे या ओळीत. त्या आठवड्यातले हे असतील. इथपासून इथपर्यंत."

सात ढिगारे होते. हातभर लांबीचे. काहींवर दगड ठेवले होते, काहींवर काहीच नव्हतं. बाई पहिल्यापाशी उभी राहिली, मग दुसऱ्यापाशी. तिसऱ्यापाशी ती वाकली, माती हाताने सारखी करायला लागली, आणि मध्येच थांबली, कारण तो दुसऱ्याच कुणाचा असेल असं तिला वाटलं. मग सगळ्यांचीच करावी म्हणून ती पुन्हा पहिल्याकडे गेली. तोपर्यंत ऊन उतरलं होतं आणि राखणदार फाटकाशी किल्ल्या वाजवत होता.

"ताई, चल," धाकटी म्हणाली. "बंद करायची वेळ झाली."

बस-थांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. बाईच्या नखांत माती होती. धाकटी रस्त्याकडे बघत होती. पहिली बस आली, थांबली आणि गेली. दुसरी आली तेव्हा धाकटीने तिचा दंड धरून तिला वर चढवलं. बसायला जागा होती, तरी बाई दारापाशीच उभी राहिली. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचंय. तिला सांगता येईना. धाकटीने सांगितलं.